सात नंबरच्या नळीत इडलीचं पीठ

मी एकदा टी.वाय.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत इडलीचं पीठ सांडलं. टेबलावर सांडलं असतं तर फडक्याने पुसून मोकळी झाले असते. मी ते थेट प्रश्नातच सांडलं, आणि खापर एका हुशार मुलीवर फोडलं. इतक्या वर्षांनी हे छापून आणायची हिंमत करते आहे, कारण ज्यांच्यापासून तोंड लपवायचं ती माणसं आता एक तर निवृत्त झाली आहेत किंवा माझ्याइतकीच विसरभोळी. सासूबाई असत्या तर मात्र हा लेख लिहिला नसता. पीठ त्यांचं होतं.

प्रश्नात पीठ कसं सांडतं हे कळायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे बरीच वर्षं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे काय, हे माझ्या माहेरी शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. लेक्चरर फळ्यासमोर उभे राहून बोलतात. ते बोलले ते खरं आहे, हे मुलांच्या हातून करून घ्यायचं काम आमचं. शिवाय नळ्या मोजणं, कापसाचे बोळे करणं, फुटलेल्या काचा भरणं आणि फुटल्या कोणी याचा शोध लावणं.

तेव्हा मी पंचविशीची होते. एम.एस्सी., फर्स्ट क्लास, आणि डोक्यात हवा. पांढरा अॅप्रन लॅबमध्ये काढून ठेवायचा असतो, हे मी मुलांना रोज सांगायचे आणि स्वतः तोच घालून कॅम्प पाचच्या बाजारातून चालत जायचे. लोकांना डॉक्टरीणबाई वाटावी, एवढीच माफक अपेक्षा. एकदा एका भाजीवाल्या आजोबांनी खरोखरच मनगट पुढे केलं. मी नाडी धरली, डोळे मिटले, मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे म्हटले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पाणी जास्त प्या." आजोबांनी कोथिंबिरीची जुडी दिली. मी घेतली! आता तो प्रसंग आठवला की माझी मलाच लाज वाटते. कोथिंबीर मात्र ताजी होती.

तर आमच्या विषयात परीक्षेचा राजा म्हणजे 'अननोन'. प्रत्येक मुलाला एक काचेची नळी मिळते. आत दोन बोटं गढूळसर पाणी, तोंडाला कापसाचा बोळा, वर चिकटवलेला नंबर. त्या पाण्यात एका जातीचे जीवाणू असतात, कोट्यवधी. जात कोणती, ते फक्त नळ्या भरणाऱ्या बाईला, म्हणजे मला, माहीत. मुलांनी तीन दिवसांत ते ओळखून दाखवायचं. हा सगळा प्रकार मुलगी बघायला गेल्यासारखा असतो. पहिल्या दिवशी रंग आणि अंगकाठी: काचपट्टीवर थेंब पसरायचा, जांभळा रंग चढवायचा, मग स्पिरिटने धुवायचा. जांभळा टिकला तर एक कुळ, उडून गेला आणि नंतर दिलेला गुलाबी चढला तर दुसरं कुळ. अंगाने गोल की दांडीसारखा? चालता-फिरता आहे ना? दुसऱ्या दिवशी घरदार बघायचं: आगरच्या प्लेटवर, म्हणजे चायना ग्रासच्या जेलीसारख्या थरावर, त्याच्या वसाहती कशा वाढल्या, मोठ्या की बारीक, पिवळ्या की पांढऱ्या. तिसऱ्या दिवशी खाणंपिणं: कोणती साखर दिली की आंबट होतो, आणि गॅस करतो का. गॅस कळावा म्हणून नळीत एक चिमुकली नळी उलटी सोडलेली असते. गॅस झाला की तिच्यात बुडबुडा अडकतो. हा बुडबुडा लक्षात ठेवा, कारण मी तो विसरले होते.

मुलांना बारा नावांची यादी दिलेली असायची. अननोन त्या बारांतलाच. काही मुलं नीट ओळखायची, काही यादीत बोट फिरवून ओळखायची. रमेश नावाचा एक सिंधी मुलगा, कपड्याच्या दुकानदाराचा, दर वेळी पहिलंच नाव लिहायचा. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, लिस्टमध्ये जो सबसे ऊपर आहे, त्याचं काही तरी कारण असेल ना?"

यादीत एक लालभडक जीवाणूही होता. प्लेटवर तो कुंकवासारखा उगवायचा. आमचे लॅब अटेंडंट दामूमामा, बदलापूरकडच्या गावातले शेतकरी, नोकरीला नवे असताना त्यांनी ती प्लेट बघितली आणि शेजारच्या फिजिक्सच्या शिपायाशी भांडण काढलं. "पान खातस त खा, पन आमचे काचंन कशाला थुंकतस?" पुढे तेच मामा आगर इतकं सुरेख ओतायला शिकले की माझ्या प्लेटा त्यांच्या शेजारी ठेवायची मला लाज वाटायची.

गावातले लोकही आमच्याकडे यायचे. कॅम्प पाचमधले एक शेठ सरबत करून विकायचे. ते एक दिवस खोक्यात बाटल्या घेऊन आले. "मॅडम, मेरी बोतल बैठे-बैठे फटती है. ग्राहक बोलता है, शरबत है कि सुतळी बॉम्ब?" मी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, यीस्टने गच्च भरलेला. म्हटलं, "शेठ, तुमच्या सरबतात यीस्ट आहे."

"वो तो मैंने डाला ही नहीं!"

"घालावं लागत नाही. आपणहून येतं."

"बिना पूछे?" शेठ इतके दुखावले की मलाच यीस्टच्या वतीने माफी मागावीशी वाटली. बाटल्या उकळत्या पाण्यात घालून घ्या म्हणून सांगितलं. फटाके बंद झाले. शेठनी दोन क्रेट सरबत भेट पाठवलं. आमच्या हेड मोहिनी मॅडमनी ते कोणाच्याही घशाखाली जाऊ दिलं नाही. सगळंच्या सगळं एस.वाय.च्या मुलांना तपासायला दिलं.

आता एक गुपित फोडते. ज्या काळात कॉलेजांकडे नव्या यंत्रांसाठी पैसे नसायचे, त्या काळात जुन्या यंत्रांना फार कामं असायची. काचा वाळवायच्या गरम ओव्हनमध्ये पावसाळ्यात मोजे वाळायचे. निर्जंतुक करायचा जो मोठा प्रेशर कुकर असतो, त्यात स्नेहसंमेलनाच्या दिवशी शेंगा उकडल्याचं मी स्वतःच्या नाकाने अनुभवलं आहे. आणि इन्क्युबेटर, म्हणजे जीवाणू वाढवायचं उबदार कपाट, रात्रंदिवस सदतीस अंशांवर. थंडीत दही लावायला याहून चांगली जागा पृथ्वीतलावर नाही. आज हे आठवलं की अंगावर काटा येतो. ज्या कपाटात गळवांचे आणि जुलाबांचे जंतू वाढवायचे, त्यातच जेवायची वस्तू! माझ्या नणंदेची नात आता अन्नतंत्रज्ञान शिकते, तिला हे सांगितलं तर ती आठ दिवस माझ्या हातचं जेवली नाही.

तर तो जानेवारी. टी.वाय.ची प्रीलिम तोंडावर. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीने कॉलेजला पत्र पाठवलं होतं: तपासणी विभागात एक ट्रेनी हवा आहे, हाताने चांगला असलेला विद्यार्थी सुचवा. मोहिनी मॅडमनी वर्गात जाहीर केलं, "प्रीलिम का अननोन जो सबसे अच्छा करेगा, त्याचं नाव जाणार. सिफारिश नाही चालणार."

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सुनंदा माझ्याजवळ आली. सुनंदा अंबरनाथ पूर्वेला राहायची, बौद्ध वस्तीत. वडील, म्हणजे तिचे आण्णा, कारखान्यात फिटर. घरातली सायन्सला गेलेली पहिली मुलगी. तिला एक सवय होती, तिच्यामुळे मी कावायचे. काहीही सांगा, ती शांतपणे विचारायची, "कशावरून, मॅडम?" सूक्ष्मजीवशास्त्रात याहून चांगला प्रश्न नाही. पण मला तेव्हा वाटायचं, अगं, मी फर्स्ट क्लास आहे, आणखी कशावरून हवंय तुला?

ती म्हणाली, "मॅडम, ते पत्र खरं आहे ना? म्हणजे नक्की घेणार आहेत?"

"खरं आहे. का गं?"

"आत्याने मुलगा बघून ठेवलाय. आण्णांच्या मनात नाहीये, पण आत्याला नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नाही. मला नोकरी लागली तर ते कारण होईल."

म्हणजे तिच्यासाठी तो अननोन म्हणजे लग्न की नोकरी, असा सरळ हिशोब होता. हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं मी माहीत असून केलं.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो. नदीकाठची थंडी, पीठ काही केल्या फुगेना. रविवारच्या इडल्या कॅरमच्या सोंगट्यांसारख्या झाल्या. मंगळवारी सकाळी नणंदेच्या सासरची माणसं नाश्त्याला येणार होती. सासूबाई म्हणाल्या, "जंतूंची एमेस्सी केलेली सून आहे घरात, आणि पीठ तेवढं झोपलेलं."

"आई, हा प्रश्न तापमानाचा आहे."

"मग सोडव की. प्रश्नच सोडवायला जातेस ना रोज?"

माझा अहंकार असा पेटला म्हणता! सोमवारी सकाळी ताजं वाटलेलं पीठ मोठ्या स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरलं, पिशवीत घातलं आणि लॅबमध्ये नेऊन इन्क्युबेटरच्या वरच्या जाळीवर ठेवलं. मी दुपारी मुलांसाठी सगळे अननोन भरले. प्रत्येक नळीत एकच जात, तारेच्या कडीने, दिव्यावर तापवून, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. स्टँड खालच्या जाळीवर ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेले. मामा त्या दिवशी रजेवर होते, म्हणून कोणी विचारणारंही नव्हतं.

पाच वाजता दार उघडलं. आत हिमालय! झाकण उचलून पीठ डब्याबाहेर आलं होतं, जाळीतून गळत होतं आणि थेंब थेंब थेट परीक्षेवर पडत होते. जी बाई मुलांना उलट्या नळीतला बुडबुडा दाखवून 'बघा, जीवाणू गॅस करतात' म्हणून शिकवत होती, तिने डब्यात चार बोटं जागा सोडली नव्हती.

पुढच्या रांगेतल्या नळ्यांच्या बोळ्यांवर पांढरे ओघळ. सगळ्यांत वाईट अवस्था सात नंबरची. बोळा भिजून तिरका झालेला. अशा वेळी काय करायचं, हे शाळकरी पोरही सांगेल: सगळ्या नळ्या टाकायच्या आणि पुन्हा भरायच्या. तासाभराचं काम. पण मला गाडी पकडायची होती, घरी इडलीपात्र वाट बघत होतं, आणि तासभर थांबायचं कारण घरी सांगावं लागलं असतं. मी स्पिरिटने नळ्या पुसल्या, नवे बोळे लावले, तोंडं दिव्यावर फिरवली आणि मनाशी म्हटलं, कापसातून जीवाणू जात नाहीत. कोरड्या कापसातून जात नाहीत, हे वाक्य पूर्ण करायचं राहिलं. अंगावर जाड अॅप्रन होता, आत अक्कल मात्र पातळ.

उरलेलं पीठ घरी नेलं. हो, नेलं. मंगळवारी सकाळच्या इडल्या अशा झाल्या की पाहुण्यांनी मागून मागून खाल्ल्या. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिक्षण वाया गेलं नाही हो." लग्नानंतर मिळालेलं त्यांचं पहिलं प्रशस्तिपत्र. नंतर कोणाला काही झालं नाही, वाफेने माझी लाज राखली.

मंगळवारी मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. सुनंदाने चिठ्ठी उघडली आणि म्हणाली, "सात." तो भिजून तिरका झालेला बोळा मला आठवला. तरी मी नळी तिच्या हातात दिली.

बुधवारी ती प्लेट घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, माझ्या प्लेटवर दोन प्रकार आहेत. या मोठ्या पिवळ्या, आणि मधूनमधून या बारीक, टाचणीच्या टोकाएवढ्या."

वर्ग ऐकत होता. मी मान वर न करता म्हटलं, "अननोन एकच असतो, सुनंदा. दुसरा तू आणलास. आधी हात स्वच्छ ठेवायला शीक."

"कशावरून, मॅडम?"

"कशावरून काय? आमच्याकडून तर आला नाही ना!" दोन-चार जण हसले. रमेशही हसला. ती प्लेट घेऊन जागेवर गेली.

आमच्या धंद्यात घाण हात हा सर्वांत मोठा आरोप. सुताराला रंधा धरता येत नाही म्हणण्यासारखा. पण तेवढंच नव्हतं ते. माझ्या घरात स्वच्छतेवरून मला कधी कोणी बोललं नव्हतं. तिच्या घरच्यांना आजी-पणजीपासून लोक तेच ऐकवत आले होते. हे मला तेव्हाही माहीत होतं. पुस्तकात वाचून माहीत होतं. वाक्य तोंडातून गेलं आणि मग माझ्या कानांना ऐकू आलं. मी ते उचलून परत घेऊ शकले असते. त्याऐवजी मी कापसाचे बोळे मोजायला घेतले.

मुलं गेल्यावर मी तिची प्लेट काढली. बारीक वसाहतीतला कण पट्टीवर रंगवला. गोल, जांभळे, जोडीजोडीने आणि साखळीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. पिवळ्यांवर बुडबुडे उठले, बारक्यांवर एकही नाही. उडदाच्या पिठाला आंबवणारे हेच ते सज्जन. मी घरी गेले आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, "कालचं कौतुक डोक्यात गेलं वाटतं."

गुरुवारी तोंडी परीक्षा. मोहिनी मॅडम खुर्चीत, शेजारी मी, माझ्यासमोर उत्तरांची वही. मामा धुतलेल्या काचांचा ट्रे घेऊन मागे उभे. सुनंदाची पाळी आली. मॅडमनी तिचा पेपर वाचला आणि चष्मा वर केला.

"ये क्या लिखा है? 'नळी क्रमांक सात. दोन जीवाणू. पहिला स्टॅफिलोकॉकस. दुसरा यादीत नाही, ल्युकोनॉस्टॉक असावा. आंबवलेल्या अन्नात आढळतो.' आंबवलेलं अन्न? तू लॅब में बैठके डबा खाया?"

"नाही, मॅडम."

"फिर हाथ साफ नहीं होगा. देखो बेटा, पहिला तो एकदम बराबर आहे. पण कंपनीत असा हात नाही चालणार. सिरप में गया तो?"

सुनंदाने स्टँडमधून तीन नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. तिन्हींतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. "मॅडम, मी प्रत्येक चाचणीबरोबर एक कोरी नळी ठेवत होते. तोच दिवा, तीच तार, तेच हात. फक्त आत काही सोडलं नाही. एकीतही काही उगवलं नाही. आणि मूळ नळीतून परत थेट प्लेटवर रेघ मारली, तर पुन्हा दोन्ही आले. दुसरा माझ्याकडे यायच्या आधीपासून नळीत होता."

मोहिनी मॅडमनी तिन्ही नळ्या एकेक करून उजेडात धरल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वसुधा, ये ट्यूब किसने भरी?"

मी तेव्हा लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तात्पुरती होते. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे याच बाईच्या हातात. माझ्या तोंडाने माझ्याआधी उत्तर दिलं. "भरल्या मीच, मॅडम. पण इन्क्युबेटर... म्हणजे मामांनी पुसला असेल, तेव्हा कदाचित..."

मागून ट्रे खणखणला. "मी? मी त सोमवारी रजेवर व्हतू, बाय. पोरीचा साखरपुडा व्हता. तुमाला पेढं नाय दिलं का?"

दिले होते. मी दोन खाल्ले होते. त्या माणसाच्या मुलीचे पेढे खाऊन मी त्याच्याच अंगावर पीठ टाकत होते. सुनंदा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, प्लेटकडे बघायची तशी, काय उगवतंय ते बघत.

"मॅडम," मी म्हटलं, "इडलीचं पीठ आहे."

"क्या?"

"दुसरा जीवाणू. सासूबाईंचं पीठ. मी सोमवारी इन्क्युबेटरमध्ये फुगायला ठेवलं होतं. ते नळ्यांवर सांडलं. मला कालपासून नक्की माहीत आहे. सुनंदाचं उत्तर बरोबर आहे, आणि तिच्या हातांबद्दल मी बोलले ते खोटं होतं."

मोहिनी मॅडमचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मला वाटलं, गेली नोकरी. "इडली!" त्या म्हणाल्या. "मेरे इन्क्युबेटर में! ये लॅब आहे की हलवाई का दुकान?"

मामांना वाटलं, आपल्यालाही साक्ष द्यायची आहे. "मोठ्या बाईंचा दही पन त्यानच लागतय ना शनवारचा."

"मामा, तुम चुप रहो!" मॅडम ओरडल्या, आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं. जाडजूड बाई, खुर्ची हलायला लागली. पदर तोंडावर धरला, चष्मा टेबलावर पडला. मग मी हसले, मग मामा, न कळून. फक्त सुनंदा हसली नाही. तिच्या पत्राचं काय, ते अजून कोणी बोललं नव्हतं.

मॅडमनी डोळे पुसले, माझी उत्तरांची वही ओढली आणि सात नंबरपुढे स्वतःच्या हाताने दुसरं नाव लिहिलं. "पूरे मार्क. और कंपनी में यही जाएगी. यादीतलं तर कोणी पण ओळखेल. सिरपमध्ये जे यादीत नाही, तेच शोधावं लागतं." मग माझ्याकडे बोट. "और तुम. क्लास के सामने बोला था ना? तो क्लास के सामने ही वापस लो. अभी. आणि शनिवारी सगळ्या ट्यूब परत भरायच्या, जिनकी खराब हुई उनके लिए. और डब्बा घर पे."

मी वर्गासमोर उभी राहिले. कोणत्याही सेमिनारला मला इतका घाम फुटला नव्हता. सांगितलं, पीठ माझं, चूक माझी. सुनंदाचे हात या लॅबमधले सर्वांत स्वच्छ हात आहेत, माझ्यासकट. बुधवारचं वाक्य मी परत घेते. मग मागच्या बाकावरून रमेशने हात वर केला. "मॅडम, सांबार कौन से नंबर में है?"

वर्ग असा हसला की शेजारून फिजिक्सवाले बघायला आले. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, दर परीक्षेला कोणी ना कोणी टेबलावर चटणीची पुडी ठेवून जायचं. मी ती कधी फेकली नाही. नोकरीही गेली नाही; मोहिनी मॅडमनी जूनमध्ये मला पुन्हा घेतलं आणि त्याच दिवशी इन्क्युबेटरची किल्ली मात्र मामांकडे दिली.

सुनंदा मार्चपासून कंपनीत जायला लागली. आत्याने बघितलेल्या त्या मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं, आणि आण्णा तिच्या पहिल्या दिवशी कंपनीच्या गेटपर्यंत तिला सोडायला आले होते, असं तिनेच नंतर सांगितलं.

पण त्या गुरुवारी, वर्ग पांगल्यावर, ती बेसिनपाशी आपल्या काचपट्ट्या धूत उभी होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. एक पट्टी मीही धुवायला घेतली. शेवटी म्हटलं, "सुनंदा, तुला राग आला असेल. तुझ्याजवळ कोरी नळी होती, काल मी बोलले तेव्हाच का नाही पुढे केलीस?"

तिने हातातली पट्टी पुसून ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, पीठ तुमचं आहे हे मला कालच कळलं होतं, स्टँडला पिठातला अर्धवट वाटलेला मेथीचा दाणा चिकटला होता, आणि सोमवारी डबा तुमच्या हातात बघितला होता. पण मी बोलले असते तर सगळ्यांनी त्याला तक्रार म्हटलं असतं. तुम्ही बोललात, म्हणून माझं उत्तर बरोबर आलं."